आठ बाटल्यांचं पाणी

बायको गेल्यापासून घरी बसायला येणारे लोक एकच विचारतात. शेवटी काय झालं होतं, दवाखान्यात किती दिवस होती, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगतो. सांगून झालं की ते "चांगली होती बिचारी" म्हणतात आणि चहा पिऊन निघून जातात. बिचारी ती कधीच नव्हती. तिला कोणी बिचारी म्हटलं असतं तर तिनं जागेवर उत्तर दिलं असतं. एवढ्या वर्षांचा संसार, त्यात दवाखाना दीड महिन्याचा. बाकीच्या वर्षांचं कोणी विचारत नाही. म्हणून त्यातला एक आठवडा मी लिहून काढतो. सातवी शिकलेला माणूस आहे मी, चुका निघतील. निघू द्या.

मी मूळचा कापसाचा माणूस. घाटंजीच्या खरेदी केंद्रावर ग्रेडरच्या हाताखाली बारा-तेरा वर्षं काढली. गाडीतला कापूस पाहून त्याची प्रत ठरवणारा तो ग्रेडर, आणि त्याच्यासाठी नमुना काढून धाग्याची लांबी दाखवणारा मी. मग कापसाची वाईट वर्षं आली. जिथं गाड्यांची रांग पार वळणापर्यंत लागायची तिथं भर हंगामात कुत्री झोपायला लागली. आम्हा लोकांना घरी बसवलं. एका ओळखीच्यानं यवतमाळच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये, मला चिकटवून दिलं. झाडायचं, पुसायचं, उपकरणं काढून द्यायची, परत ठेवायची. आम्ही गावातलं घर बंद केलं आणि यवतमाळात दोन खोल्या केल्या.

पहिल्या दिवशी डबा हातात देताना बायको म्हणाली, "कापसातून काढून तुमाले काचेत ठेवलं म्हना. आता आपटू नका कोनाले."

लॅबच्या टोकाला एक अंधारखोली होती. खिडक्यांना काळा कागद, दाराला काळा पडदा. तिथं एक मॅडम आपल्या पीएचडीचं काम करायच्या. वय तिशीच्या जवळ. शिकवायच्याही त्याच कॉलेजात. बाकीचे लोक मला नुसतं "अरे, ऐक" म्हणायचे, त्या "काका" म्हणायच्या. एवढ्यानं मी त्यांचं काम आधी करायचो. खोटं कायले लिहू.

एकदा मी विचारलं, "मॅडम, या खोलीत तुमी करता तरी काय?"

"मोजते, काका. वीक मेजरमेंट म्हणतात त्याला."

"वीक म्हंजे?"

"दुबळं. हलकं."

"मंग दुबळं कायले मोजता? दणकट मोजा ना."

त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी मला स्टुलावर बसवून दाखवलं. मला समजलं तसं सांगतो. लेझरचा लाल उजेड निघतो. पहिली काच त्याला उभा करते, म्हणजे त्याचं हलणं फक्त उभ्या रेषेत ठेवते. पुढे एक तिकोनी काच, प्रिझम. तिच्यातून निघताना उजेड बाजूला सरकतो, पण इतका जरासा की कोणत्या डोळ्याला, कोणत्या पट्टीला तो कळणार नाही. मग शेवटी दुसरी काच, ती आडवी. उभ्या उजेडाला आडवी काच धरली की सगळा उजेड मरतो, अंधार. मॅडम ती काच पूर्ण आडवी करत नव्हत्या. केसाएवढी कमी ठेवायच्या. त्यामुळे जवळजवळ सगळा उजेड तिथं मरायचा आणि एक जरासा हिस्सा सुटून पुढे जायचा. तो कॅमेऱ्यात पडायचा. आणि गंमत अशी, की त्या उरलेल्या मंद ठिपक्यात ते न दिसणारं सरकणं मोठं होऊन दिसायचं. स्क्रीनवर चांगलं बोटभर.

"साखर टाकलेलं पाणी मध्ये ठेवलं," मॅडम म्हणाल्या, "की उभा उजेड किंचित तिरपा होतो. साखरेचा तो गुणच आहे. तो तिरपेपणा साध्या यंत्राला दिसत नाही. इथं ठिपका लगेच उडी मारतो."

"म्हंजे सगळा उजेड फेकून द्याचा अन् जो उरला त्याले विचाराचं?"

"अगदी तसंच."

"मंग हे तर मी तेरा वर्षं केलं."

त्यांना वाटलं मी थट्टा करतो. दुसऱ्या दिवशी मी मूठभर रुई घेऊन गेलो. सरकी काढलेला कापूस म्हणजे रुई. त्यांच्या टेबलावर काळं फडकं पसरलं आणि दाखवलं. ढिगातून एक मूठ घ्यायची. मुठीतून एक पुंजका. तो दोन्ही अंगठ्यांच्या मधे धरून ओढायचा, दोन भाग एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचा, आखूड, तुटके, गाठीचे तंतू टाकत जायचे. टाकत टाकत शेवटी चिमटीत पन्नास-साठ तंतू उरतात, सगळे एका रेषेत. ते काळ्या फडक्यावर टेकवले की नखाएवढ्या फरकानं कळतं, हा कापूस लांब धाग्याचा की आखूड. ढीग पाहून कोणाच्या बापाला कळत नाही. मूठभर पाहूनही नाही. बाकी सगळं टाकल्यावरच कळतं.

मॅडम बराच वेळ त्या तंतूंकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "काका, हे मी वर्गात दाखवणार." आणि खरंच दाखवलं. पोरांसमोर उभं राहून मी रुई ओढली. घरी येऊन बायकोला सांगितलं की मी आज कॉलेजात शिकवलं. ती म्हणाली, "कॉलेज बुडते आता." पण त्या दिवशी भाजीत तेल जास्त होतं.

असं आमचं ठीक चाललं होतं. मग मॅडमच्या गाइडचा फोन आला. गाइड म्हणजे पीएचडी करून घेणारे सर, विद्यापीठात बसायचे. मॅडमची मुदत संपत आली होती, एकदा वाढवून घेतलेली. सर म्हणाले, तुमची सगळी रीडिंग चांगली येतात, तेच मला खटकतं. कोणत्या बाटलीत साखर आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं, म्हणून तुम्हाला ती दिसते. बाहेरच्या माणसाकडून आठ बाटल्या भरून घ्या. काहींत साखर, काही कोऱ्या. किती आणि कोणत्या ते त्यानं पाकिटात बंद करून ठेवावं. शनिवारी मी येतो, पाकीट उघडतो. जुळलं तर मुदतीचं पत्र देतो आणि तुम्ही लिहायला घ्या. नाही जुळलं तर हा विषय सोडा.

विषय सोडणं म्हणजे चार वर्षं पाण्यात. पुन्हा नव्यानं सुरू करायला मुदत कुठून आणणार?

"बाहेरचा माणूस कोण आणू?" मॅडम म्हणाल्या. "इथल्या कोणाला सांगितलं तर चहा पिताना बोलून जातील."

मी म्हटलं, "माही बायको हाय ना. लॅब तिनं पाह्यली नाई. अन् सांगू नको म्हनलं तर ती देवालेबी सांगत नाई."

बुधवारी मी पिशवीत आठ छोट्या रिकाम्या बाटल्या, डिस्टिल्ड पाण्याची कॅन आणि साखरेच्या सहा पुड्या घेऊन घरी गेलो. पुड्या मॅडमनी स्वतः तोलल्या होत्या, प्रत्येकीत कमीजास्त साखर, पण सगळ्या मिळून मुंगीचं लग्न लागलं नसतं. सांगणं एवढंच होतं, की पुड्या हव्या तितक्या वापरा, हव्या त्या बाटलीत टाका, पण निदान तीन बाटल्या कोऱ्या ठेवा. नंबर घाला आणि कागदावर लिहून पाकीट बंद करा. बायको दुसरीपर्यंत गेलेली. आकडे तिला यायचे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "पान्यात साखर टाकाची अन् कोनत्या पान्यात टाकली ते सांगाचं नाई. हा लेकरायचा खेळ झाला. यानं डॉक्टर होतात?"

"असंच होतात."

"मंग तुमी बाहेर बसा."

"मी काहून?"

"तुमाले माहीत झालं तर तुमच्या तोंडावर दिसते. उद्या मॅडमसमोर उभे राहान अन् तीन नंबरची बाटली आली की मिशीतल्या मिशीत हसान."

मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून बाटल्यांचा आवाज येत होता. मध्येच ती डब्याचं झाकण उघडत होती, पुटपुटत होती. शेजारीण मला म्हणाली, "काहून जी, घरातून काहाडून देल्लं का?" मी म्हटलं, "परीक्षा चालू हाय आतमधी." तिला वाटलं मी बिघडलो.

गुरुवारी सकाळी मी पिशवी मॅडमच्या हातात दिली. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून बायकोनं मध्ये कापूस भरला होता.

आम्ही पंखे बंद केले, पडदा लावला. मॅडमनी आधी लॅबमधलं शुद्ध पाणी ठेवलं. ठिपका जागच्या जागी, शून्यावर. मग एक नंबर. ठिपका सरकला. "साखर," मॅडम म्हणाल्या. दोन नंबर. जरासा सरकला. "थोडी साखर." तीन. जरासा. चार. चांगलाच. पाच. जरासा. सहा, सात, आठ. एकही बाटली शून्यावर आली नाही.

मॅडमनी दिवा लावला. "काकूंना सांगितलं होतं ना, तीन कोऱ्या?"

"सांगतलं होतं. मोजूनही दाखवलं."

पुन्हा सुरुवातीपासून केलं. तेच. लॅबचं पाणी ठेवलं की शून्य. बाटल्यांचं ठेवलं की साखर. मॅडम म्हणाल्या, बाटल्या नीट धुतल्या होत्या का? मला राग आला. तेरा वर्षांत नमुन्यात माझ्या बोटाचा मळ कोणी दाखवला नव्हता. मी त्यांच्यासमोर तसलीच एक बाटली काढली, लॅबचं पाणी भरलं, ठेवलं. शून्य. मग मी पाच नंबर तोंडाला लावली.

"काका!"

"पानी हाय. नुसतं पानी. माही जीभ मेली नाई अजून."

मॅडमनी कपाटातलं जुनं पोलरीमीटर काढलं, साखर मोजायचं नेहमीचं यंत्र. त्याला चार नंबर सोडून एकाही बाटलीत काही दिसलं नाही. म्हणजे माझी जीभ म्हणते पाणी, जुनं यंत्र म्हणतं पाणी, आणि मॅडमचं यंत्र एकटंच म्हणतं साखर.

शुक्रवारी दिवसभर त्या काच फिरवून, पडदा हलवून, लेझर बदलून पाहत होत्या. जेवल्या नाहीत. संध्याकाळी सगळं बंद करून स्टुलावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर म्हणतात तेच खरं आहे, काका. मला जे पाहायचं आहे तेच मला दिसतं. आता घरी गेले की त्यांना फोन करते. उद्या येऊ नका म्हणून सांगते."

रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पाकीट उघडून पाहायची सोय नव्हती, उघडलं की परीक्षा बाद.

घरी आलो. बायको भाकरी थापत होती. मी चप्पल आपटली.

"काय झालं? कोनाले आपटलं शेवटी?"

"तू कोऱ्या बाटल्या किती ठेवल्या?"

"सांगू नका म्हनलं ना मॅडमनं?"

"अवं, सांग."

"नाई. माह्या तोंडातून निघनार नाई. उद्या ते सर येतीन अन् पाकीट फोडतीन, तवाच."

"सर नाई येत उद्या. मॅडम फोन करून राह्यल्या त्यायले. यंत्र बिघडलं. तुह्या आठच्या आठ बाटल्या गोड दाखवते."

तिचा हात भाकरीवर थांबला. "आठही?"

"आठही."

"जरा जरा दाखवते का लय?"

"चार जरा जरा. बाकीच्यायत जास्त."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पिठाच्या हातानं तोंडावर पदर धरला आणि हसायला लागली. इतकी हसली की चुलीजवळून सरकावं लागलं. तव्यावरची भाकरी जळली. "बाई बाई बाई! थे चार दाने बी दिसले तिले?"

"कोनते चार दाने?"

"कोऱ्या बाटल्यायतले! आपल्या डब्यातली साखर, चार-चार दाने टाकले मी."

मी ओरडलो. मी ओरडणारा माणूस आहे. "तुले सांगतलं कोऱ्या ठेव तर साखर कायले टाकली?"

"ओरडू नका. त्या बाईच्या घरची भांडी पहिल्यांदा आपल्या घरी आली. रिकामं भांडं कोनी वापस देते का? आपल्यात देतात का?"

"रिकामं कुठी होतं? पानी होतं ना त्यात!"

"पानी त्याह्यचंच होतं. त्याह्यचंच पानी त्याह्यच्याच भांड्यात भरून देल्लं, म्हंजे आपन काय देल्लं? मी म्हनलं, चार दान्यानं कोनाचं काय जाते, बाईचं काम गोड होईन. मले काय माहीत थे मशीन इतकी चोंभडी हाय!"

आता सांगा, या बाईला काय म्हणावं. माझ्या आईनं शेजारणीची वाटी कधी रिकामी दिली नाही, तिच्या आईनं दिली नाही. चिमूटभर साखर नाहीतर तांदळाचे दाणे तरी घालायचेच. मॅडमना हे सांगायचं मला सुचलं नाही, कारण बाटलीला मी भांडं समजलोच नव्हतो. लॅबमध्ये राहून मी तेवढा बाटलो होतो.

आणि मग ते माझ्या डोक्यात पडलं. यंत्र बिघडलं नव्हतं. यंत्रानं चार दाणे पकडले होते.

"मी जातो मॅडमकडे," मी म्हटलं.

"मी बी येतो. चूक माही हाय. तुमी जाऊन ओरडान नुसते."

सायकलवर मागे ती लग्नाच्या वर्षी बसली होती, त्यानंतर त्या संध्याकाळी बसली. मध्ये चढ लागला. मी म्हटलं, "उतर जरा, चढ हाय." ती म्हणाली, "चढ हाय म्हनून तर बसली." दम लागला मला, पण उतरवली नाही.

दार मॅडमच्या वडिलांनी उघडलं. बारीक अंगाचे, कचेरीतून रिटायर झालेले गृहस्थ, अंगात घरातला शर्ट. ते हळूच म्हणाले, "काय झालंय हो कॉलेजात? आल्यापासून बोलत नाही ती. चार वर्षं मी रोज विचारतो, कधी होणार. आज विचारायची भीती वाटली." आत मॅडम टेलिफोनजवळ बसल्या होत्या. सरांचा फोन लागत नव्हता. त्या दिवशी त्या बिघडलेल्या लाइनचे मी मनातल्या मनात पाय धरले.

बायको उंबऱ्यातच उभी राहिली. "मॅडम, तुमची मशीन बरोबर हाय. मीच चुकली."

तिनं सगळं सांगितलं. वाटी, दाणे, डबा, सगळं. मॅडम आधी समजल्याच नाहीत. मग एकेक विचारायला लागल्या. कोणत्या बाटल्या? दोन, तीन, पाच, आठ. मॅडमनी वही उघडली. जरा जरा सरकलेल्या त्याच चार.

"काकू, दाणे किती?"

"चार. आठमधी पाच पडले. एक हाताले चिकटला होता."

मॅडमनी वहीत बोट ठेवलं. आठ नंबरचं रीडिंग त्या तिघींपेक्षा थोडं जास्त होतं. त्या उभ्या राहिल्या आणि माझ्या बायकोच्या गळ्यात पडल्या. बायकोच्या हाताला अजून पीठ होतं. ती हात बाजूला धरून उभी राहिली, त्यांच्या ड्रेसला लागू नये म्हणून.

वडील मला म्हणाले, "हे चांगलं झालं की वाईट?"

मी म्हटलं, "उद्या सर मानले तर चांगलं."

कारण परीक्षा तर बाद झालीच होती. पाकिटातलं गुपित तोंडानं फुटलं होतं.

शनिवारी सर आले. उंच, कोरडे, हसायला पैसे पडतात असा चेहरा. मॅडमनी काही लपवलं नाही. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण गोष्टच आहे. यांनी आधी सांगितलं आणि मग तुम्हाला वहीत सापडलं. मला पुन्हा पाहिजे. आत्ता."

मी बायकोला आणायला धावलो. ती ठेवणीतलं लुगडं नेसून तयारच बसली होती. म्हणाली, "मले माहीत होतं. शिकलेली मानसं एकदा सांगून ऐकत नाईत."

सरांनी तिला शेजारच्या सामानाच्या खोलीत नेलं. स्वतः तिच्यासमोर बसले. या वेळी पुड्या नाहीत, सुटे दाणे मोजून टाकायचे असं त्यांनी ठरवलं. मी आणि मॅडम अंधारखोलीत थांबलो. दार लोटलेलं होतं, पण माझ्या बायकोचा आवाज लोटलेल्या दाराचं ऐकत नाही.

"सर, कोऱ्या बाटल्या खरंच कोऱ्याच पाठवाच्या?"

"हो, बाई. अगदी कोऱ्या."

"मले जड जाते."

"पाठवा. त्याचं पाप माझ्यावर."

"मंग तुमच्या हातानं उचला त्या कोऱ्या. मी हात नाई लावत."

मग जे ऐकू आलं ते सरांचं हसणं होतं. मॅडमनी अंधारात माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

आठ बाटल्या आल्या. सर मागे उभे राहिले, चिठ्ठी खिशात. मॅडमनी एकेक बाटली लावली. एक, शून्य. दोन, ठिपका सरकला. तीन, शून्य. चार नंबरला त्या थांबल्या. काढली, पुन्हा लावली. ठिपका सरकल्यासारखा वाटे आणि नाहीसारखाही वाटे. मनात म्हटलं, काहीतरी सांगून टाका मॅडम, अर्धी शक्यता तर आहेच. पाच, शून्य. सहा, शून्य. सात, सरकला. आठ, शून्य.

दिवा लावला. मॅडम वहीवरून सांगायला लागल्या. "दोनमध्ये साखर आहे. सातमध्ये आहे, दोनपेक्षा कमी. चारबद्दल मी सांगू शकत नाही, सर. बाकी कोरं पाणी."

सरांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. दोनमध्ये चार दाणे. सातमध्ये दोन. चारमध्ये एक.

मला वाटलं, गेलं. एक चुकलं. पाठ केलेल्या पोराचं एक उत्तर चुकलं तरी मास्तर छडी काढतो, हे मी पाहिलेलं होतं.

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "'चारबद्दल सांगू शकत नाही,' हे तुम्ही म्हणालात, म्हणून बाकीच्या सातांवर मी विश्वास ठेवतो. दोन दाण्यांपर्यंत दिसतं, एक दाणा दिसत नाही. असंच लिहा. एक अक्षर वाढवू नका. पत्र सोमवारी पाठवतो."

मॅडमनी मान हलवली आणि बाहेर ऑफिसातल्या फोनकडे गेल्या. आम्ही मागे. त्यांनी नंबर फिरवला, तिकडून वडील "हॅलो, हॅलो" म्हणत होते ते मलासुद्धा ऐकू येत होतं, आणि मॅडमच्या तोंडातून शब्द निघेना. दोन दिवस जे रडणं आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. तिकडचा आवाज घाबरा व्हायला लागला. मी आठ बाटल्यांचा ट्रे हातात धरून उभा, कुठं ठेवावा सुचत नव्हतं.

बायकोनं मॅडमच्या हातातून फोन काढून घेतला. तिनं आयुष्यात फोनवर बोलणं फार कमी केलं होतं, आणि जे केलं ते दूरचं माणूस आहे म्हणून ओरडूनच केलं.

"हॅलो! मी काकू बोलून राह्यली! काही नाई जी, झालं पोरीचं! सर हो म्हनले! हो, रडून राह्यली, पन तुमी नका रडू, दोघं रडाल तर सांगन कोन? आता असं करा, तुमी भात टाका. तिनं दोन दिस झाले काही खाल्लं नाई!"